उंबऱ्यात मागे वळून

३ ऑक्टोबर

आज सरांनी माझं पहिलं प्रकरण परत दिलं. ओरडले नाहीत. फक्त सगळी पानं पालथी घालून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही बाजू कोरी आहे. इथे लिही."

धर्माचा अभ्यास करायचा आणि मूळ साधनांकडे न जाता दुसऱ्याच्या पुस्तकावर आपलं पुस्तक रचायचं, हे सरांच्या मते चोरीहून वाईट. चोर निदान स्वतः घरात शिरतो. "तहान लागली तर तू पाणी पितेस की पाण्यावरचा लेख वाचतेस?" त्यांनी विचारलं.

"पाणी पिते, सर."

"कुठलं?"

"नळाचं."

यावर ते खिडकीबाहेर बघू लागले. मुलं त्यांना पाठीमागे 'मूळव्याध' म्हणतात. मी म्हणत नाही. इथेसुद्धा लिहायला नको होतं.

तर ठरलं ते असं. छापखान्यामागच्या गल्लीत एका लहान पंथाचं प्रार्थनाघर आहे. त्यांना ग्रंथ नाही, मूर्ती नाही. दर बुधवारी संध्याकाळी जमतात, गप्प बसतात, कुणाला काही सांगावंसं वाटलं तर तो उभा राहून सांगतो, आणि मग घरी जातात. त्यांच्यावर एकच जाडजूड पुस्तक आहे आणि माझं अख्खं प्रकरण त्याच्याच जिवावर उभं होतं. सर म्हणाले, "तो लेखक तिथे कधी गेला तरी होता का? तू जा. बघ. पण एक ध्यानात ठेव, तू तिथे नाहीसच. तुझ्यामुळे तिथली काडी इकडची तिकडे होता कामा नये."

जानेवारीत नवं प्रकरण समितीपुढे ठेवायचं. नाही पटलं तर नोंदणी रद्द. काकांनी टाइल्सच्या दुकानात काउंटरवर माझ्यासाठी जागा बघून ठेवलीच आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे मी घसरले तर झेलायला सगळे आधीपासून हात पसरून उभे आहेत. कधीकधी वाटतं, जरा जास्तच उत्साहाने.

आईला सांगितलं, प्रार्थनाघरात जाऊन बघायचंय. ती म्हणाली, "देवाचं बघायला एवढं शिकावं लागतं होय? मी तर इस्त्री करता करता बघते."

८ ऑक्टोबर

पहिला बुधवार.

सायकल दादाची आहे. देताना त्याने बजावलंय, "ही हरवली तर तूही हरव. एकटी घरी येऊ नकोस." प्रार्थनाघरासमोरच्या दिव्याच्या खांबाला ती लावली, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात पाय ठेवताना वाटलं, कुलूप घातलं ना? चौकटीला हात टेकवून मागे वळून पाहिलं. घातलेलं होतं. मग आत.

आतला हॉल म्हणजे एक लांबट खोली, लाकडी बाकं, मधे एक दिवा. मी शेवटच्या बाकावर कडेला बसले. खोकला आला तो गिळला. माझ्यामुळे काडीही हलली नाही, याबद्दल मी बऱ्यापैकी समाधानी आहे.

निघताना पहिल्या बाकावरच्या एका आजींनी अडवलं. इथे त्यांचा फार दरारा दिसतो. सगळे त्यांच्यासाठी वाट सोडतात.

"कोणाची गं तू?"

"विद्यापीठातून आलेय, आजी."

"म्हणजे नोकरी नाही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

१५ ऑक्टोबर

आज आजी नेमक्या माझ्या मागे होत्या. मी उंबऱ्यात थांबले म्हणून त्यांनाही ताटकळावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय बघत होतीस?" त्यांनी विचारलं.

आता प्रार्थनेला जाताना सायकलच्या कुलपाचं काय सांगायचं? बरं दिसत नाही. मी म्हटलं, "काही नाही, आजी. आत जाण्याआधी एकदा बघून घेते."

आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बरं करतेस," म्हणाल्या.

२९ ऑक्टोबर

सरांनी सांगितलं होतं, माणसं प्रार्थनेत सगळीकडे सारखीच दिसतात, ती आत कशी येतात ते बघ. म्हणून आज लवकर जाऊन दाराकडे तोंड करून बसले. आणि देवाशप्पथ, माझ्या अंगावर काटा आला.

आजी आल्या. उंबऱ्यात थांबल्या. चौकटीला हात टेकवला. सावकाश मान वळवून मागे पाहिलं. मग आत आल्या. त्यांच्या मागच्या दोघी बायकांनीही अगदी तसंच केलं. हात, मान, आत!

घरी येऊन ते जाडजूड पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलंय: 'या पंथाचे लोक न थांबता, सरळ आत येतात.'

न थांबता! सरळ! म्हणजे हा लेखक तिथे कधीच गेला नव्हता!

५ नोव्हेंबर

आज निम्म्याहून अधिक लोक थांबले. प्रमुखसुद्धा. हे एक शांत, कायम सर्दी झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्याच दमात शिंकून घेतलं. मी तिकडे आधी नीट पाहिलंच नव्हतं, नाहीतर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. माझीच चूक. आपण मान खाली घालून कोपऱ्यात बसायचं आणि म्हणायचं निरीक्षण.

आजींची मुलाखत घेतली.

"आजी, हे उंबऱ्यात थांबून मागे बघणं कधीपासून आहे?"

"कधीपासून म्हणजे? आपलं चालत आलंय."

"त्याचा अर्थ काय?"

त्यांनी डोळे मिटले. "बाई गं, बाहेरचं सगळं मागे टाकून आत यायचं असतं. पण टाकण्याआधी एकदा बघून तरी घ्यावं. न बघता टाकलेलं मागे टाकल्यासारखं होत नाही, हरवल्यासारखं होतं."

घरी येऊन ही नोंद तीनदा वाचली. अशी वाक्यं पुस्तकात सापडत नाहीत. त्यासाठी मूळ माणसाकडेच जावं लागतं.

समोर मोज्यांचं दुकान चालवणारे एक काकाही दर बुधवारी येतात. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "अर्थबिर्थ आजींना ठाऊक. सगळे बघतात म्हणून मी बघतो. वर गिऱ्हाईक आलंय का तेही दिसतं. सोय आहे."

लौकिक आणि पारलौकिक यांची सरमिसळ, असं नोंदवलं आहे.

१० नोव्हेंबर

सर खुर्चीतून उठले! उठून खोलीत एक फेरी मारली आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. मागच्या बाकांवरच्या मुलांना सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

"पुस्तक खोटं ठरलं," ते म्हणाले. "एवढी मोठी खूण, आणि त्या माणसाला दिसली नाही! ही प्रथा प्राचीन असणार. लिही."

मी आल्या आल्या लिहायला बसले. 'प्राचीन' हा शब्द लिहिताना काय सुख होतं! पानापानावर लिहिला.

१९ नोव्हेंबर

नवं निरीक्षण. सगळे डाव्या खांद्यावरून बघतात, आणि नेमकं दिव्याच्या खांबाकडे. प्रकाशाशी संबंध? आतही मधे दिवा, बाहेरही दिवा. सरांना फोन केला. ते पलीकडून नुसतं "ओहो" म्हणाले.

खांबाला माझी सायकल लावलेली असते, ती मधे येते. पवित्र जागेच्या आड आपलं वाहन उभं करणं योग्य नाही. दुसरी जागा बघायला हवी.

३ डिसेंबर

सायकल मोजेवाल्या काकांच्या दुकानासमोर, म्हणजे दाराच्या उजव्या हाताला लावली. बरं वाटलं. खांब मोकळा झाला.

पण आज आत काहीतरी बिनसलं होतं. आजी खांबाकडे बघून आत आल्या. माझ्या मागून आलेल्या दोन-तीन जणांनी मात्र उजवीकडे पाहिलं. मग कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. एका शिक्षिकाबाईंनी दोन्हीकडे पाहिलं. प्रार्थना संपल्यावर दारात कुजबुज चालली होती.

"आज उजवीकडे होतं का?"

"कुणी सांगितलं उजवीकडे? डोकं फिरलंय का? डावीकडेच असतं."

"माझ्या दुकानाकडे बघितलं तर तुमचं काय जातंय?" हे मोजेवाले काका.

प्रमुखांनी नाक पुसत पुसत समेट करायचा प्रयत्न केला. पंथांमध्ये फूट कशी पडते हे मी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत होते! फुटीचं मूळ कारण मात्र अजून हाती लागलेलं नाही.

१० डिसेंबर

लागलं.

मोजेवाल्या काकांनी आज दुकान लवकर बंद केलं होतं. आतला दिवा मालवलेला, त्यामुळे काचेचा आरसा झाला होता. मी सायकल लावली, दारात गेले, चौकटीला हात ठेवला, कुलूप बघायला मागे वळले आणि काचेत मला मीच दिसले. हात चौकटीवर, मान वळलेली. माझ्या मागे पायऱ्यांवर उभी असलेली माणसंही दिसली. सगळ्यांच्या माना वळलेल्या. सगळे अत्यंत भक्तिभावाने दादाच्या सायकलकडे बघत होते.

आत काय झालं ते आठवत नाही.

११ डिसेंबर

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "सांगत होते, देवाच्या फार खोलात जाऊ नकोस." शेवटी सगळं सांगून टाकलं.

दादा उडालाच. "म्हणजे लोक माझ्या सायकलला भजतात? आणि तू मला तिची चेन पुसायला लावतेस?"

"गप रे," आई म्हणाली. "पोरगी रडकुंडीला आलीय."

बाबा बस चालवतात. ते म्हणाले, "मी गेली कित्येक वर्षं आरशात मागे बघूनच बस काढतो. प्रवासी शिव्या देतात, लवकर काढा म्हणून. भक्ती कुणाला सुचली नाही."

टाइल्सवाले काका आले होते. टाइल्सचा एक नमुना त्यांच्या पिशवीतून डोकावत होता.

खरं सांगायचं तर रात्रभर एकच विचार मनात येत होता, की हे कुणालाच कळणार नाही. आजी सांगतात चालत आलंय. सर म्हणतात प्राचीन. समिती तिथे कधी येणार नाही. मी फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं हे तर त्या पंथाचं मुख्य तत्त्व.

आणि ते पुस्तक. न थांबता, सरळ. बरोबर होतं बिचारं. त्या लेखकाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं!

१५ डिसेंबर

सरांना सांगितलं. बोलताना त्यांच्याकडे नाही, थर्मासकडे बघत होते.

मग ते म्हणाले, "आधार काय?"

"कशाला, सर?"

"ही प्रथा तू सुरू केलीस याला."

"मी स्वतःच, सर. मला माहीत आहे ना!"

"एकच साक्षीदार. तीही हितसंबंध असलेली. आणि दुसऱ्या बाजूला एक वयोवृद्ध बाई जन्मभराच्या अनुभवाने सांगतायत की जुनं आहे. तुझ्यावर मी विश्वास का ठेवू?"

मी खरं बोलतेय याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. आयुष्यात इतकं खरं बोलायचा प्रयत्न केला आणि ते पुराव्याअभावी फेटाळलं गेलं.

"त्यांना जाऊन सांग," सर म्हणाले. "काय म्हणतात ते ऐक. मग बोलू." आवाज मऊ होता, पण चहा दिला नाही.

१७ डिसेंबर

आज प्रार्थनाघरात मी उभी राहिले. पहिल्यांदाच. बाक कुरकुरलं.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "तुम्ही दारात मागे वळून बघता, ते माझ्यामुळे. मी सायकलचं कुलूप बघत होते. मला तशी खोडच आहे. तुम्हाला वाटलं काहीतरी विधी आहे. चूक माझी आहे. माफ करा."

प्रमुखांची शिंक अर्ध्यावर थांबली.

मग आजी बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "तू यायच्या आधी आम्ही या दारातून येत होतो की खिडकीतून?"

"दारातून, आजी."

"मग? तू इथे कालची आलेली. माझे केस इथे पांढरे झाले. आम्ही काय करतो ते तू मला सांगणार?"

"पण आजी, तुम्ही तेव्हा थांबत नव्हता."

"तू बघायला होतीस?"

नव्हते. मी खाली बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्या मुलींना असं होतं. आपल्याच भोवती जग फिरतंय असं वाटतं." त्याला दोघा-तिघांनी दुजोरा दिला. शिक्षिकाबाईंनी मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कानात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. डावीकडे की उजवीकडे तेवढं सांग."

नंतर प्रमुखांनी मला थांबवून घेतलं. डाव्या-उजव्याच्या भांडणाने ते वैतागले आहेत. दाराशी एक पाटी लावायची म्हणतात, काय करायचं आणि का, ते चार ओळींत. "तुम्हाला लिहायची सवय आहे. लिहून द्या."

३१ डिसेंबर

सरांना विचारलं, पाटी लिहू का? माझ्यामुळे काडीही हलायची नव्हती ना! ते म्हणाले, "काडी? अगं, तू अख्खी मोळी हलवलीस. आता निदान खरं लिही. आणि प्रत्येक खर्डा जपून ठेव."

तेव्हा खरं लिहिलं: 'ऑक्टोबर महिन्यात एका मुलीने आपल्या भावाच्या सायकलला कुलूप लागले आहे की नाही हे पाहण्यासाठी दारातून मागे वळून पाहिले. तेव्हापासून ही पद्धत पडली.'

आज बाकांवर बसून सगळ्यांनी त्यावर चर्चा केली.

"भाऊ कशाला?" आजी म्हणाल्या. "भावाचा इथे काय संबंध? काढ."

भाऊ गेला. दादाला सांगणार नाही.

"सायकल बरं दिसत नाही," प्रमुख म्हणाले. "पाटीवर सायकल म्हणजे लोकांना वाटेल, दुरुस्तीचं दुकान. वाहन म्हणू."

"'समोरच्या दुकानाकडे' असं घाला," मोजेवाले काका म्हणाले.

"तुमच्या मोज्यांची जाहिरात नाही ही!"

"मग 'खांबाकडे' पण नको."

ते दोन्ही नको ठरलं, आणि त्याबरोबर डावं-उजवं भांडणही आपोआप मिटलं. हे मला मुळीच अपेक्षित नव्हतं.

"ऑक्टोबर काढ," आजी म्हणाल्या.

"आजी, मुलगी तर मीच आहे. ऑक्टोबरमध्येच आले."

आजींनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. "मुलगी असेल गं. नाही म्हणत नाही. अशी एखादी मुलगी असणारच. पण ती तू नव्हेस. ती फार पूर्वीची."

मी माझ्याच बाजूने आणखी काय बोलणार? पण कुलूप काढायला निघाले तेव्हा मी उठून उभी राहिले. म्हटलं, सगळं घ्या, कुलूप राहू द्या. एवढी एक गोष्ट खरी राहू द्या. आजींनी विचार केला. "कुलूप राहू दे," म्हणाल्या. "कुलपाला अर्थ आहे."

शेवटी पाटी ठरली ती अशी:

'एका मुलीने आत येण्यापूर्वी आपल्या वाहनाकडे वळून पाहिले. कुलूप लागलेले होते. मग ती निश्चिंत मनाने आत आली. आपणही तसेच यावे.'

मी कधीच निश्चिंत मनाने आत गेलेली नाही. पण वाक्य छान आहे.

२३ जानेवारी

समिती. तीन जण, त्यात 'कात्री' मॅडम. त्यांच्या हातून प्रकरण गेलं की निम्मंच परत येतं.

मी सगळं मांडलं. माझ्या नोंदी, आजींची मुलाखत, पाटीचे सगळे खर्डे क्रमाने, त्यातून भाऊ, सायकल, ऑक्टोबर एकेक कसे गळत गेले ते. 'प्राचीन' सगळीकडून काढला होता. फार जीव तुटला.

"ते पुस्तक चूक की बरोबर?" मॅडमनी विचारलं.

"बरोबर, मॅडम. आठ ऑक्टोबरपर्यंत."

सर खोकले.

"आणि तुमच्या आधी कुणीच मागे वळून पाहिलं नसेल, असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

उत्तर पाठ करून आणलं होतं, चांगलं पानभर. पण तोंडातून आलं, "नाही. माहीत नाही." पुढे 'सॉरी' लावायचं राहून गेलं.

मला बाहेर बसवलं. बाकाच्या कडेला बसून मी काकांच्या टाइल्सचे रंग आठवत होते. मग आत बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "नोंदणी कायम. प्रकरण पहिलं नको, शेवटचं करा, आणि एक अट. या प्रकरणात तुम्ही संशोधक नाही, तुम्ही साधन आहात. स्वतःची साक्ष स्वतःच लिहायची नाही. तुमची मुलाखत दुसऱ्या कुणीतरी घ्यायची."

घरी सांगितलं. आई म्हणाली, "पास ना? मग एवढं लांबवून काय सांगतेस!" काकांनी नमुन्याची टाइल आमच्याकडेच ठेवली. आई तिच्यावर इस्त्री ठेवते.

३० जानेवारी

सरांनी मुलाखत घेतली. मी त्यांच्या खोलीत गेले तर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या. बसा."

मी मागे कोण आलंय ते बघितलं.

"तुम्हालाच म्हणतोय," ते म्हणाले. "माहिती देणाऱ्या व्यक्तीशी अहो-जाहोनेच बोलायचं असतं." आणि पेन उघडलं. "दारात थांबलात तेव्हा मनात काय होतं?"

"सायकल, सर."

"कुलूप दोनदा ओढून पाहिलं होतं असं तुमच्याच नोंदीत आहे. मग तिसऱ्यांदा का?"

"दादा ओरडेल म्हणून."

"दादा कधी ओरडलेत?"

आठवून पाहिलं. तसा नाही ओरडलेला. धमकी देतो नुसती.

सर काहीच बोलले नाहीत. मी आजींपुढे अशीच गप्प बसले होते, तेव्हा त्या बोलल्या होत्या. ही युक्ती आहे हे मला माहीत होतं, तरी मी बोलले. म्हटलं, "आत गेलं की बाहेरचं आपलं राहत नाही, असं वाटतं मला. कुठेही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाबांनी बसमधून मला फाटकाशी सोडलं. बस भरलेली होती, त्यांना थांबता येत नव्हतं. मी फाटकाच्या खांबाला हात टेकवून मागे वळले, निदान हात तरी हलवू म्हणून. बस गेलेली होती."

खोलीत पेनाचा आवाज येत होता.

"तेव्हापासून?" सरांनी विचारलं.

"असेल. माहीत नाही."

"म्हणजे प्रथा ऑक्टोबरच्या आधीची आहे," ते हळूच म्हणाले.

"सर, हे लिहू नका."

त्यांनी लिहून घेतलं.